कोठीचा हुकूम

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. धपाटं थापताना माझा हात गोल फिरतो, पेन धरलं की कडा फाटतात. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी ताटातूट तिथंच झाली, पुन्हा गाठ पडली नाही. आमच्या अकॅडमीतून पास होऊन गेलेली मुलं यंदा दिवाळी अंक काढणार आहेत. मावशींनी स्वयंपाकघराचं काही लिहावं, असा त्यांचा निरोप आला. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून नाही म्हणून कळवलं. पण नाही म्हणल्यापासून लिहावंसं वाटायला लागलं. दुपारची भांडी झाली की बसते. द्यायचं का नाही ते मग बघू.

आमची अकॅडमी उदगीरच्या बाहेर माळावर आहे. हवाई दलात आणि फौजेत जाऊ पाहणारी मुलं इथं राहतात, पळतात, अभ्यास करतात. चालवणारे वारंट साहेब. ते हवाई दलातून वारंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, मूळचे जळकोटकडचे. मुलांची जेवणं माझ्याकडं आणि रझिया आपाकडं. माझा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. तो गेल्यावर मी लातूरकडच्या मुरुडला दिराच्या घरी राहिले. तिथं मला कुणी वाईट बोललं नाही, पण ताटात भाकरी पडताना प्रत्येक वेळी सगळ्यांची नजर यायची. इथं पगार मिळाला आणि स्वयंपाकघराला लागून एक खोली मिळाली. त्या खोलीची कडी आतून लावता येते. ज्यांनी दिराच्या घरी दिवस काढले त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, मेसचं काम म्हणजे डाळ वाढवायची तर पाणी वाढवायचं. पळणाऱ्या मुलाला पाणचट डाळ घातली की चौथ्या फेरीला तो पोट धरून खाली बसतो. तेल जास्त झालं की ओकतो. भरतीच्या आदल्या आठवड्यात कुणाचं वजन कमी भरतं, कुणाची छाती फुगवूनही मापात येत नाही. एक मुलगा वजन भरावं म्हणून मापाच्या दिवशी सकाळी केळी खातच राहिला. वजन भरलं, पण पळायच्या वेळेला त्याच्याच्यानं उठवेना. देगलूरकडचा एक जण आल्या आल्या पहिल्या घासाला रडला. तिखट जास्त झालं असेल म्हणून मी घाबरले. तो म्हणाला, आईच्या हातासारखं लागतंय. त्यानंतर त्याला वाढताना मी मुद्दाम दुसरीकडं बघायची.

स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यामध्ये फक्त पत्रा. शनिवारी साहेब पुस्तकं बाजूला ठेवून हवाई दलाचं सांगायचे. मुलं त्याला आभाळाचा तास म्हणायची. परीक्षेत त्यातलं फारसं येत नसे. पण साहेबांचं म्हणणं असं की, ज्या कामाला जायचं ते काम काय आहे हे तरी कळू द्या. कणीक मळता मळता मला ते सगळं ऐकू यायचं. रझिया आपा म्हणायची, "तू भी भरती हो जा, नंदा. लाटणं लेके."

साहेब सोपं सांगायचे. विमानाला तीन गोष्टी मिळाल्यात, उंची, वेग आणि लांबचा पल्ला. डोंगर, नदी, सरहद्द त्याला आडवी येत नाही. पण ते आभाळात राहू शकत नाही, त्याला खाली यावंच लागतं. म्हणून हवाई दलाची ताकद जमिनीवर असते, तेलाच्या टाकीत, हत्यारांच्या पेटीत, पाना धरणाऱ्याच्या हातात. तळ बंद पडला की विमान म्हणजे महागडं पत्र्याचं घर. दुसरं असं की, आधी आपलं आभाळ मोकळं करायचं. डोक्यावर शत्रूची विमानं फिरत असतील तर खालची फौज हलू शकत नाही. तिसरी गोष्ट मात्र ते दर शनिवारी सांगायचे. विमानं नेहमी थोडी असतात आणि मागणारे फार. प्रत्येक पलटणीला वाटतं, दोन विमानं माझ्यापाशी राहू द्या. अशी वाटून दिली की कुणाचंच काम होत नाही. म्हणून विमानं एका हाताखाली पाहिजेत. कुठं जायचं, आधी कुणाकडं, हे ज्याला सगळा मुलूख दिसतो त्यानं ठरवायचं. पण तिथं पोचल्यावर कसं करायचं, हे जो तिथं आहे त्यानं ठरवायचं. वर बसलेल्यानं त्याच्या हातातली दांडी धरायची नाही.

आमची कोठी साहेबांनी त्याच नियमानं ठेवली होती. पोरांच्या आईबापांनी भरलेल्या पैशांतून महिन्याचा किराणा एकदम येई. किल्ली माझ्यापाशी, पण हुकूम साहेबांचा. रोजचं ठरलेलं मी काढायचं, त्यापुढं एक वाटी डाळ काढायची तरी त्यांना विचारून. माझ्याआधी जी बाई होती तिचा हात सैल होता. गणपती मंडळ आलं, दे. पाहुणे आले, दे. महिनाअखेर पोरांच्या ताटात नुसतं कालवण आलं आणि साहेबांनी तिला कामावरून काढलं. मला ठेवताना ते म्हणाले होते, "महानंदाबाई, ही कोठी पोरांच्या आईबापांची हाय. माझ्या हुकमाबिगर उघडली तर काम गेलं समजायचं." मी मान हलवली होती.

पावसाळा सरता सरता तो पाऊस आला. साहेब पोरांना घेऊन मैदानी चाचणीसाठी नांदेडला गेले होते. मी, आपा आणि नुकती भरलेली कोठी, एवढंच मागं राहिलं. खालच्या अंगाच्या गावांत नदी शिरली, रस्ते तुटले, फोन बंद पडले. ट्रॅक्टर जाईल तिथून माणसं वर आणून आमच्या माळाजवळच्या शाळेत ठेवली. त्यांना मोंढ्यातल्या लोकांनी जेवण घातलं. जिथं ट्रॅक्टर जाईना तिथली माणसं पत्र्यांवर, स्लॅबवर बसून राहिली.

आणि आमच्या मैदानावर हवाई दलाचं हेलिकॉप्टर उतरलं. भोवतालच्या सगळ्या चिखलात पोरांनी पळून पळून घट्ट केलेली तेवढीच सपाट जागा होती. पाहुणा दारात आला म्हणून शाळेतल्या बायका आरतीचं ताट घेऊन औक्षण करायला पळाल्या. पात्यांच्या वाऱ्यानं हळद-कुंकू उडून उतरणाऱ्या जवानाच्या डोळ्यांत गेलं. जळता दिवा बघून तो दोन्ही हात वर करून ओरडायला लागला. नशिबानं दिवा वाऱ्यानंच विझवला. दिव्याचं ताट धरलेली म्हातारी मला म्हणाली, "लई तापट हाय गं हा."

हेलिकॉप्टर गावांकडं जायचं आणि भरून यायचं. माणसं उतरवायचं, परत जायचं. मधल्या एका खेपेला तेल भरायला ते थांबलं. वैमानिक तरुण होता, हिंदीत बोलायचा. आपानं त्याला चहा दिला. तिच्या बोलण्याला लगाम नाही, त्यामुळं सगळं बाहेर आलं. कुठल्या गावाला आधी जायचं ते जिल्ह्याहून वायरलेसवर सांगतात. एक हेलिकॉप्टर आणि गावं फार, म्हणून म्हातारी, लेकरं, आजारी आधी आणायची. बाकीच्यांना छतावरच थांबावं लागणार. त्यांच्यासाठी खाण्याची पाकिटं निघाली आहेत, पण ट्रक तुटलेल्या पुलापलीकडं अडकलाय. तोवर जाताना आम्ही रिकामेच जातो, असं तो म्हणाला आणि कप खाली ठेवला.

ते मला सहन झालं नाही. साहेबांचं एक वाक्य होतं, रिकामी फेरी म्हणजे जाळलेलं तेल. इथं फेऱ्या रिकाम्या चालल्या होत्या, पलीकडं माणसं उपाशी बसली होती आणि मधे माझ्या कनवटीला किल्ली होती. मी साहेबांना फोन लावून बघितला. लागला नाही. गच्चीवर जाऊन लावला, तरी नाही.

आपा माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं.

"नौकरी जाती तेरी," ती म्हणाली. "और मेरी भी."

"तुमची न्हाई जाणार, आपा. कुलूप मी उघडायलेय. विचारलं तर तसंच सांगा."

"फिर मुरुड जाके दिराच्या भाकरी खाती क्या?"

बोलत बसले असते तर हात मागं आला असता. कुलूप काढलं आणि ज्वारीच्या पिठाचं पोतं ओढलं.

छतावरच्या माणसांना काय द्यायचं, याचा विचार करायला वेळ लागला नाही. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते आणि चुरा होतो. भात आंबतो. आपल्याकडं प्रवासाला धपाटे न्यायची रीत आहे ती उगीच नाही. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं, थोडं बेसन, तिखट, लसूण, तीळ. कांदा आणि दही घालायचं नाही, पाणी सुटतं. तव्यावर वाळेपर्यंत भाजले की चार दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. शाळेतल्या बायका मदतीला बसल्या. चुली पेटल्या. पहिली रास तयार झाली तेव्हा माझा ऊर भरून आला होता, आणि त्या भरात माझ्या हातून चूक झाली.

आपल्या भागात लेकीला, बहिणीला शिदोरी धाडायची तर ती फडक्यात बांधून, वर नाव सांगून धाडतात. बायका तशाच करू लागल्या. हे आमच्या अक्काच्या गावाला, हे माझ्या नणंदेला. मला ते वावगं वाटलं नाही. नाही कसं म्हणावं, हेही मला येत नव्हतं. त्यात शिवप्पा मालक आले. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे, कोठीचा माल त्यांच्याकडूनच यायचा. त्यांच्या सोयऱ्यांचा गोतावळा एकाच मोठ्या गावात. त्यांनी गठुड्यांचा मोठा ढीग त्या गावाच्या नावानं बाजूला काढून घेतला. जवानानं विचारलं, हे सगळं एकाच ठिकाणी टाकायचं का? मालक मान हलवून हाव म्हणाले. मी गप्प बसले.

ती खेप परत आली तेव्हा वैमानिकाचा चेहरा उतरला होता. मोठ्या गावात एवढी गठुडी पडली की माणसांनी काही बाजूला ठेवून दिली. ओढ्यापलीकडच्या तांड्यावर मंदिराच्या छतावर माणसं होती, त्यांनी हात वर केले, आणि हेलिकॉप्टरात टाकायला काहीच उरलं नव्हतं. त्या तांड्यात आमच्यातल्या कुणाचीच लेक दिलेली नव्हती.

आपाच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात पिठाचा गोळा होता. दर शनिवारी पत्र्यापलीकडून ऐकलेलं, विमान वाटून दिलं की कुणाचंच होत नाही, ते मीच केलं होतं. कुलूप उघडायचं धाडस केलं आणि आतला माल मात्र दुसऱ्यांच्या हातात दिला.

दुसरी रास झाली तशी गठुडी पुन्हा बांधायला लागली. मालक पुन्हा पुढं. मी उठले. पदर डोक्यावर घेतला.

"फडकी सोडा," मी म्हणाले. "नावं न्हाई घालायची. समदं एका ढिगात. कुठं टाकायचं ते वर उडणारा बघंल."

मालक हसले. "महानंदा, तू कवापासून कलेक्टर झालीस? मपल्या सोयऱ्यांला उपाशी ठिवू व्हय?"

"तुमच्या सोयऱ्यांला मिळालंय, मालक. तांड्याला न्हाई मिळालं."

"कोठी कुणाची हाय, म्हाईत हाय न्हवं? तुज्या साहेबाला मीच सांगतो."

"सांगा," मी म्हणाले. "तोवर फडकी सोडा."

कुणी हललं नाही. मग त्या दिव्यावाल्या म्हातारीनं तिच्या लेकीच्या नावाचं गठुडं सोडलं आणि माझ्यासमोर ओतलं. तिची लेक त्या मोठ्या गावातच होती. तिच्यामागून बाकीच्या आल्या. मालक निघून गेले. पण गूळ संपल्यावर मी माणूस पाठवला तेव्हा त्यांनी दुकान उघडून गूळ दिला, तो मोजून दिला, हे लिहायला पाहिजे.

लहान लहान पुड्या केल्या, एकेक पुडी एकात एक अशा दोन पिशव्यांत घालून गाठ मारली. वैमानिक दर खेपेला सांगायचा, इतक्या द्या. तेवढ्या द्यायच्या, कुठं टाकणार हे विचारायचं नाही. तांड्याला या वेळी पहिल्याच फेरीत मिळालं. अडकलेला ट्रक येईपर्यंत आमच्या चुली विझल्या नाहीत. ट्रक आला तेव्हा कोठीत हळद, मीठ आणि रिकामी पोती होती.

पूर ओसरल्यावर गावात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषणं झाली. सगळ्या गावांतून पट्टी गोळा करून कोठी भरून देऊ, असं बोललं गेलं. मी मान खाली घालून बसले होते आणि एवढंच मोजत होते की साहेब यायला अजून किती वेळ आहे.

साहेब आले ते थेट कोठीत गेले. बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि मला समोर बसायला सांगितलं. तोवर मी त्यांच्यापुढं कधी खुर्चीवर बसले नव्हते. मालकांनी त्यांना वाटेतच गाठलं असावं.

"कोठी कुणाच्या हुकमानं उघडली?"

"माझ्या."

"फोन केला होता?"

"केला. लागला न्हाई."

मग साहेब सगळं पहिल्यापासून सांगा म्हणाले. विमान परत आलं की वैमानिकाकडून जसं विचारून घेतात तसं त्यांनी विचारलं. पहिल्या खेपेचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मधेच थांबवलं नाही, की जाऊ द्या असंही म्हणाले नाहीत. शेवटी बोलले, "फोन बंद पडला तर काय करायचं ते मी सांगून जायाला पाहिजे होतं. ती चूक माझी. म्हणून तुमचं काम जाणार न्हाई."

मला वाटलं, सुटले.

"पण उघडली तुम्ही," ते म्हणाले. "भरायची बी तुम्हीच. पोरांच्या आईबापांचे पैसे हायती. या महिन्याचा माल मी माझ्या पेन्शनीतून भरतो. ते मला फेडा. जमंल तसं, पण पुरं."

खोटं का लिहू, त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोलले. गावानं शाल दिली आणि यांनी उधारी. आपा तर त्यांच्या तोंडावर म्हणाली की हवाई दलानं तुमचं काळीज काढून तिथं पंखा बसवलाय. ते हसले, पण बोलणं मागं घेतलं नाही. पट्टीचं म्हणाल तर कुणी फिरकलं नाही. तांड्यावरची एक बाई मात्र डोक्यावर तुरीचं गाठोडं घेऊन चालत आली, ठेवलं आणि पाणी पिऊन गेली. मालकांचं गुळाचं बिल न चुकता आलं.

मग मी ठरवलं, फेडायचं. पगारातून कापून घ्यायला सांगितलं. दुपारच्या मोकळ्या वेळात धपाटे करून स्टँडवर विकायला लागले. लोक त्यांना हेलिकॉप्टरचे धपाटे म्हणायला लागले, लातूरपर्यंतच्या एसट्यांत ते जायला लागले. पहिल्यांदा टोपली घेऊन स्टँडवर उभी राहिले तेव्हा तोंडातून आवाज निघेना. शेजारी चहावाला होता, तोच माझ्यासाठी ओरडला. हळूहळू मीही ओरडायला शिकले. एका हंगामात अंग आजारलं, दोन-तीन महिने काही देता आलं नाही. साहेबांनी एकदाही विचारलं नाही. तेही मला टोचायचं.

मधे एक गोष्ट झाली. साहेब पुन्हा पोरांना घेऊन चाचणीला निघाले. सगळी मुलं मैदानात रांगेत उभी होती. त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "माझा फोन लागला न्हाई तर इथं महानंदाबाईंचा हुकूम. कोठीचा बी." मला पिठाचे हात कुठं लपवावेत कळेना. आत गेल्यावर आपा म्हणाली, "सलाम करूं क्या अब?" मी तिला कणीक मळायला लावली.

त्या दिवसापासून मनातलं बोलणं बंद झालं. साहेबांनी पहिल्याच दिवशी पैसे सोडून दिले असते तर लोक म्हणाले असते, साहेबांचं मन मोठं. कोठीही त्यांचीच राहिली असती आणि पुरातले धपाटेही त्यांचेच झाले असते.

यंदाच्या येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी उरलेले पैसे जमले. दुसऱ्या दिवशी सगळे रानात जाणार, आंबील प्यायला, म्हणून साहेब पोरांच्या सुट्टीचं बघत बसले होते. मी पैसे टेबलावर ठेवले. कमी असतील तर सांगा, असं मी म्हणाले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मोजायला लागले. एकेक नोट सरळ करून मोजली, शेवटची नाणीही मोजली. मग ड्रॉवर उघडून आत ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

"पुरे झाले, महानंदाबाई. काही बाकी न्हाई."

मी किल्ली कनवटीला नीट खोचली आणि आंबिलीसाठी पीठ काढायला कोठीत गेले. कुणाला विचारलं नाही.